रे जॉन्सन

रेमंड एडवर्ड ऊर्फ रे जॉन्सन (जन्म : १६ ऑक्टोबर १९२७, डेट्रॉइट, मिशिगन, मृत्यू : १३ जानेवारी १९९५, सॅग हार्बर, न्यूयॉर्क राज्य) हे अमेरिकन चित्रकार व कोलाजकार होते. अपुरे चित्र टपालाने पाठवायचे, ज्याला ते मिळेल त्याने त्यात आपली भर घालायची आणि ते परत किंवा पुढे धाडायचे, अशा देवघेवीला त्यांनी कलाप्रकाराची प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यामुळे ते टपालकलेचे प्रवर्तक मानले जातात.

बालपण व शिक्षण

जॉन्सन यांचा जन्म फिनलंडमधून आलेल्या घराण्यातील एका श्रमिक कुटुंबात झाला. ते आईवडिलांचे एकुलते एक अपत्य होते. डेट्रॉइटमधील कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये त्यांनी जाहिरातकलेचे शिक्षण घेतले. शाळकरी वयातच, १९४३ च्या सुमारास, आर्थर सेकुंडा या मित्राला ते चित्रांनी भरलेली पत्रे पाठवीत. पुढील आयुष्यातील कार्याची बीजे या पत्रांत दिसतात.

१९४५ ते १९४८ या काळात ते नॉर्थ कॅरोलिनामधील ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये शिकले. तेथे योसेफ आल्बर्स यांच्याकडून त्यांनी रंग व आकार यांच्या परस्परसंबंधांचे शिस्तबद्ध शिक्षण घेतले. संगीतकार जॉन केज व नर्तक मर्स कनिंगहॅम यांचा सहवासही त्यांना याच संस्थेत लाभला.

न्यूयॉर्कमधील प्रारंभ

शिक्षणानंतर ते न्यूयॉर्कला आले. आरंभी त्यांनी काटेकोर भौमितिक रचनांची अमूर्त चित्रे काढली व अमेरिकन अ‍ॅबस्ट्रॅक्ट आर्टिस्ट्स या गटाच्या प्रदर्शनांत भाग घेतला. पुढे या चित्रांपैकी बरीचशी त्यांनी स्वतःच जाळून टाकली आणि ते कोलाजकडे वळले. १९५० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी लहान आकाराची, अनियमित कडांची कोलाजे तयार केली व त्यांना 'मोटिकोज' हे स्वतः घडवलेले नाव दिले. नियतकालिकांतून कापलेली एल्व्हिस प्रेस्ली, जेम्स डीन यांसारख्या लोकप्रिय व्यक्तींची छायाचित्रे त्यांत आढळतात. पॉप आर्ट हे नाव सर्वतोमुखी होण्यापूर्वीची ही निर्मिती असल्याने त्या चळवळीच्या पूर्वसूरींत त्यांची गणना होते. उपजीविकेसाठी ते पुस्तकांची मुखपृष्ठे व इतर आरेखनाची कामे करीत.

टपालाची रीत

जॉन्सन यांच्या पाकिटात एखादे रेखाटन, वर्तमानपत्राचे कात्रण, जुन्या कोलाजचा तुकडा किंवा यंत्रावर काढलेली नक्कल असे. सोबत सूचना असे : यात भर घालावी व परत पाठवावे, किंवा अमुक व्यक्तीकडे रवाना करावे. ती व्यक्ती पाठवणाऱ्याच्या परिचयाची असेलच असे नव्हते. कित्येकदा दोन अनोळखी माणसांची गाठ या कागदामुळेच पडे. लांब नाकाचे, सशासारखे एक साधे डोके ही जॉन्सन यांची खूण होती. एकाच साच्यातील अशी डोकी ओळीने काढून ते प्रत्येकाखाली निरनिराळ्या व्यक्तीचे नाव लिहीत. या नक्कलप्रतींवर कोणी डोळे रंगवी, कोणी टोपी घाली, कोणी संपूर्ण चेहरा खोडून नवा काढी.

परत आलेला कागद कापून जॉन्सन तो नव्या कोलाजमध्ये वापरीत किंवा पुन्हा टपालात टाकीत. अनेक हातांतून गेलेल्या अशा कागदाचा कर्ता कोण, त्याचा मालक कोण आणि ती कृती पूर्ण केव्हा झाली, या प्रश्नांना निश्चित उत्तर राहत नसे. कलाविक्रीचा व्यवहार नेमक्या याच तीन गोष्टींवर उभा असल्याने ही देवघेव बाजारपेठेच्या बाहेर राहिली. टपालाने गेलेले काम भेट म्हणून जाई. 'अ बुक अबाउट डेथ' (१९६३–६५) या त्यांच्या १३ पानी पुस्तकाची पानेही त्यांनी सुटी करून वेगवेगळ्या व्यक्तींना पाठवली. परिणामी संपूर्ण पुस्तक फारच थोड्यांच्या हाती लागले.

न्यूयॉर्क कॉरस्पाँडन्स स्कूल

या वाढत्या मंडळाला १९६२ मध्ये एड प्लंकेट या कलावंताने 'न्यूयॉर्क कॉरस्पाँडन्स स्कूल' असे नाव सुचवले. टपालाने चित्रकला शिकवणाऱ्या संस्था आणि न्यूयॉर्कमधील अमूर्त चित्रकारांचा प्रख्यात संप्रदाय या दोहोंची त्यात थट्टा होती. जॉन्सन यांनी पत्रव्यवहार या अर्थाच्या इंग्रजी शब्दातील एक अक्षर बदलून त्याच्या शेवटी नृत्य या अर्थाचा शब्द आणून ठेवला. या 'स्कूल'ला इमारत, वर्ग वा शुल्क काहीच नव्हते. जॉन्सन ज्याला पत्र पाठवतील तो तिचा सभासद. १ एप्रिल १९६८ रोजी न्यूयॉर्कमधील क्वेकर पंथीयांच्या सभागृहात तिची पहिली सभा भरली.

१९७० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या मंडळाचे प्रदर्शन झाले. जॉन्सन यांनी पत्रमित्रांना आपापले काम थेट संग्रहालयाच्या पत्त्यावर पाठवण्यास कळवले. निवड हा संग्रहालयाचा मूळ अधिकार त्यामुळे बाजूला सारला गेला. ५ एप्रिल १९७३ रोजी एका पत्राद्वारे त्यांनी 'स्कूल'चा मृत्यू जाहीर केला व ते पत्र न्यूयॉर्क टाइम्सच्या मृत्युवार्ता विभागाला धाडले. त्यानंतर 'बुद्ध युनिव्हर्सिटी' अशा नव्या नावाने पत्रे जाऊ लागली. पत्रव्यवहार खंडित झाला नाही.

लाँग आयलंडवरील वास्तव्य

३ जून १९६८ रोजी अँडी वॉरहॉल यांच्यावर गोळीबार झाला. त्याच दिवशी जॉन्सन यांना चाकूच्या धाकाने लुटण्यात आले. या घटनांनी हादरून त्यांनी शहर सोडले व ते लाँग आयलंडवर राहावयास गेले. लोकस्ट व्हॅली येथील लहानशा घरात त्यांनी पुढील आयुष्य एकांतात काढले. प्रत्यक्ष भेटी त्यांनी कमी केल्या. टपाल व दूरध्वनी मात्र चालू ठेवले. १९७६ पासून त्यांनी परिचितांच्या चेहऱ्यांच्या छायाकृती रेखाटण्यास आरंभ केला. वॉरहॉल, चक क्लोज, विल्यम बरोज अशा अनेकांच्या छायाकृती त्यांनी कोलाजसाठी वापरल्या.

विक्रीविषयी ते नेहमीच चमत्कारिक अटी घालीत. एका चित्रकाराने कोलाजची किंमत पाव हिश्शाने कमी करण्याची विनंती केली, तेव्हा जॉन्सन यांनी पाव भाग कापून घेऊन उरलेले कोलाज त्याला दिले, असे सांगितले जाते. अखेरच्या काळात व्यापारी कलादालनांपासून ते जवळजवळ पूर्णपणे दूर राहिले. कलाजगतात सर्वांना ठाऊक असूनही बाहेर अपरिचित असलेला कलावंत, ही १९६० च्या दशकात वृत्तपत्रांतून झालेली त्यांची ओळख शेवटपर्यंत टिकली.

मृत्यू

शुक्रवार, १३ जानेवारी १९९५ रोजी जॉन्सन यांनी सॅग हार्बर येथील पुलावरून पाण्यात उडी घेतली. त्यांना पोहत दूर जाताना काहींनी पाहिले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह सापडला. त्या वेळी त्यांचे वय ६७ वर्षे होते. वयातील अंकांची बेरीज १३ येते, तारीखही १३ होती. यावरून हा मृत्यू त्यांनी अखेरची कलाकृती म्हणून योजला असावा, असा तर्क अनेकांनी केला. त्यांनी मागे कोणताही खुलासा ठेवला नाही. घरात खोक्यांतून नीट लावून ठेवलेली कोलाजे व पत्रांचा मोठा संग्रह आढळला.

मरणोत्तर प्रतिष्ठा

१९९९ मध्ये व्हिटनी संग्रहालयात त्यांच्या कार्याचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन भरले. जॉन वॉल्टर दिग्दर्शित 'हाउ टू ड्रॉ अ बनी' (२००२) हा माहितीपट त्यांच्या जीवनावर आहे. त्यांचे मित्र व लेखक विल्यम विल्सन यांनी अनेक दशके जपलेला संग्रह शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडे गेला व २०२१ मध्ये तेथे प्रदर्शित झाला. जी पाने परत करावयाची किंवा पुढे धाडावयाची होती, त्यांपैकी कित्येक मिळालेल्या व्यक्तींनी स्वतःजवळच ठेवून घेतली होती. सूचना न पाळणाऱ्या या पत्रमित्रांमुळेच त्यांच्या टपालकलेचा मोठा भाग आज अभ्यासकांना उपलब्ध आहे.