मेरी सीकोल : नकाराचे कारण कागदावर नसते

परिचारिका म्हटले की हातात दिवा घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल डोळ्यांसमोर उभ्या राहतात. शाळेच्या पुस्तकापासून तेच एक नाव आपल्या मनावर बिंबवले गेले आहे. त्या थोर होत्या, याबद्दल वाद नाही. पण त्याच क्रिमियाच्या युद्धात, त्याच सैनिकांसाठी, स्वतःच्या खर्चाने गेलेली एक कृष्णवर्णीय स्त्रीही होती. तिला कोणी पाठवले नव्हते. उलट प्रत्येक दारावरून परत पाठवले होते. तिचे नाव मेरी सीकोल.

सीकोल यांचा जन्म १८०५ साली जमैकातील किंग्स्टन येथे झाला. वडील स्कॉटिश सैनिक, आई मिश्र वंशाची स्वतंत्र स्त्री. त्या काळी जमैकात गुलामगिरी कायदेशीर होती. ती पूर्णपणे संपायला १८३८ साल उजाडावे लागले. आई खानावळवजा निवासगृह चालवी आणि आजारी पडलेल्या लष्करी अधिकाऱ्यांवर झाडपाल्याचे औषधोपचार करी. आईच्या हाताखाली मेरी शिकल्या. तेच त्यांचे विद्यालय आणि तेच त्यांचे विद्यापीठ. परिचर्येचे शिक्षण देणारी शाळा त्यांच्यासाठी कुठे नव्हतीच.

१८३६ साली त्यांचा विवाह झाला आणि १८४४ साली पतीचे निधन झाले. १८५० मध्ये जमैकात कॉलऱ्याने थैमान घातले, तेव्हा त्यांनी रुग्णांची सेवा केली. १८५१ मध्ये त्या पनामात भावाकडे गेल्या, तर तेथेही कॉलरा येऊन धडकला. डॉक्टरांची वानवा असलेल्या त्या गावात श्रीमंतांकडून पैसे घेऊन आणि गरिबांना फुकट त्यांनी उपचार केले. १८५३ मध्ये जमैकात पीतज्वराची साथ आली, तेव्हा ब्रिटिश लष्करी छावणीतील शुश्रूषेची व्यवस्था लावण्यासाठी त्यांनाच पाचारण करण्यात आले. म्हणजे लष्कराला त्यांची योग्यता ठाऊक होती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

१८५४ साली त्या लंडनला पोहोचल्या. क्रिमियात सैनिक गोळीपेक्षा रोगाने अधिक मरत होते आणि परिचारिकांची निकड होती. सीकोल यांनी युद्धखात्याचे दार ठोठावले. नाइटिंगेल यांच्या तुकडीसाठी परिचारिका निवडणाऱ्यांना भेटल्या. युद्धनिधीच्या व्यवस्थापकांकडे गेल्या. सगळीकडून नकार मिळाला. कातडीचा रंग हेच तर कारण नसेल, अशी शंका त्यांच्या मनात आली आणि भर रस्त्यात त्यांना रडू कोसळले, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे.

आम्ही कायद्याचे अभ्यासक म्हणून येथे थांबतो. रंगामुळे नाकारले, असे त्यांना कोणीही तोंडावर सांगितले नाही. जागा भरल्या आहेत, गरज नाही, एवढेच सौम्य उत्तर. भेदभाव हा असाच असतो. तो सही-शिक्क्यानिशी पुरावा मागे ठेवत नाही. ज्याला तो सोसावा लागतो, त्यालाच तो कळतो, आणि सिद्ध करण्याचे ओझेही त्याच्याच डोक्यावर येते.

सीकोल मागे हटल्या नाहीत. पतीच्या एका नातलगाच्या भागीदारीत त्या १८५५ मध्ये क्रिमियात दाखल झाल्या आणि बालाक्लावाजवळ भंगार लाकूड व पत्रे जमवून त्यांनी 'ब्रिटिश हॉटेल' उभे केले. तेथे जेवण आणि सामान विकले जाई, तसे आजारी सैनिकांवर उपचारही होत. ज्याची ऐपत नसे, त्याला औषध फुकट मिळे. खेचरांवर अन्न, औषधे व पट्ट्या लादून त्या रणभूमीपर्यंत जात. सैनिक त्यांना आईच्या नावाने हाक मारीत.

१८५६ मध्ये तह झाला. माल पडून राहिला आणि त्या दिवाळखोर होऊन लंडनला परतल्या. सैनिक त्यांना विसरले नाहीत. १८५७ मध्ये त्यांच्या मदतीसाठी चार दिवसांचा जलसा झाला. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १४ मे १८८१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि नंतर प्रस्थापित इतिहासाने त्यांना जवळजवळ शंभर वर्षे अंधारात ठेवले.

त्या सीकोल कोणी जपल्या? त्यांच्याच लोकांनी. जमैकातील परिचारिकांनी १९५४ मध्ये आपल्या संघटनेच्या वास्तूला त्यांचे नाव दिले. १९७३ मध्ये लंडनमधील त्यांच्या कबरीचा जीर्णोद्धार झाला, त्यात जमैकन स्त्रियांचा पुढाकार होता. १९४८ मध्ये ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाल्यावर कॅरिबियन बेटांतून हजारो तरुणी नर्सिंगसाठी तेथे गेल्या. त्यांतील अनेकींना तीन वर्षांच्या पूर्ण शिक्षणाऐवजी दोन वर्षांच्या दुय्यम अभ्यासक्रमात ढकलले गेले. त्या प्रमाणपत्राने बढतीची वाट बंद होई आणि मायदेशी त्याला किंमत नसे. शंभर वर्षांनंतर दार उघडले होते, पण ते मागचे दार होते!

सीकोल परिचारिका नव्हत्याच, दुकानदार होत्या, असे काही अभ्यासक आजही म्हणतात. त्यांच्या औषधांत शिसे व पारा होता, असाही आक्षेप आहे. दुकान त्यांनी चालवले हे खरे. पण तीच घातक द्रव्ये त्या काळचे पदवीधर डॉक्टरही वापरत होते. आणि ज्यांना प्रशिक्षणाची संधीच नाकारली, त्यांच्याकडे प्रशिक्षण नव्हते असा ठपका ठेवणे हा कोणता न्याय?

आज इंग्लंडमध्ये आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची मुले 'सिक्स्थ फॉर्म'मध्ये 'हेल्थ अँड सोशल केअर' हा विषय घेऊ शकतात. शरीररचना, संसर्ग रोखणे, वृद्ध व अपंगांची निगा यांबरोबरच समान वागणूक आणि रुग्णाचे हक्क त्यांना शिकवले जातात. भेदभावाला बंदी करणारा २०१० चा समानता कायदाही त्यांना वर्गात अभ्यासावा लागतो. सीकोल यांना जे कोणापुढे सिद्ध करता आले नाही, ते ओळखायला सोळा वर्षांची मुले आता शाळेत शिकतात. या शिक्षणावरून पुढे नर्सिंगच्या पदवीकडे जाता येते. सेवेचा विषय म्हणजे हलका विषय, असे समजणाऱ्यांनी हा प्रवास आठवावा.

१८६० मध्ये नाइटिंगेल यांची परिचर्या शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झाली. त्याच रुग्णालयाच्या आवारात २०१६ मध्ये सीकोल यांचा पुतळा उभा राहिला. तो लोकवर्गणीतून उभारावा लागला, आणि त्यासाठी बारा वर्षे झगडावे लागले.

वाचकहो, आपल्या घरातील मुलगी नर्सिंगच्या प्रवेशासाठी गेली आणि गोड शब्दांत तिला परत पाठवले किंवा कमी दर्जाच्या अभ्यासक्रमाकडे वळवले, तर मुकाट्याने परतू नका. नकार लेखी मागा, कारणासह मागा. सीकोल यांच्या हाती तो कागद नव्हता. आपल्या मुलींच्या हाती तो असलाच पाहिजे.