कोसबाडच्या अनुताई

शिक्षिका व्हायचे ठरवले तेव्हा मी 'माझे शालेय जीवन' हा निबंध लिहिला. सरांनी तो परत दिला. यात तू कुठे आहेस, असे त्यांनी विचारले. त्याच सुमारास ग्रंथालयात अनुताई वाघ यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन हाती आले.

अनुताईंचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांतच वैधव्य. तरीही त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. रात्रशाळेतून १९३७ मध्ये मॅट्रिकही झाल्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांच्या कामासाठी त्या बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडला गेल्या. आमच्या वसईहून डहाणूची गाडी धरली की तो मुलूख दूर नाही.

आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. धाकटी भावंडे सांभाळणाऱ्यांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. बालवाडीच्या कितीतरी शिक्षिका तिथेच तयार झाल्या. १९९२ मध्ये अनुताई गेल्या. जमले नाही ते खोडून पुन्हा मांडावे, हा धडा मला त्यांच्या आयुष्यातून मिळाला.

मी निबंध पुन्हा लिहिला. आई भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने जाई. भावाला सांभाळण्यात माझे चौथीचे वर्ष बुडाले. पहिल्या खर्ड्यात मी ते लपवले होते. उद्या माझ्या वर्गाच्या दाराशी भावंडाला कडेवर घेतलेली मुलगी आली, तर तिला मी परत पाठवणार नाही.