हक्कासाठी अडून बसलेला शस्त्र-कारागीर

अर्धस्वयंचलित शिकारी रायफल सामान्य ग्राहकाच्या हाती देणाऱ्यांमध्ये जॉन मोझेस ब्राउनिंग याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मात्र ही बंदूक बाजारात येण्यापूर्वी, कारागिराच्या बुद्धीचे मोल एकदाच चुकते करायचे की विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नगावर, या प्रश्नावरून मोठा संघर्ष घडला. त्या संघर्षाने अमेरिकेतील शस्त्रनिर्मितीचा नकाशाच बदलून टाकला.

मराठी माणसाच्या कानावर ‘ब्राउनिंग’ हा शब्द पडला तो नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहातून. २१ डिसेंबर १९०९ रोजी तेथे ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगासाठी आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत वीस ब्राउनिंग पिस्तुले गुप्तपणे हिंदुस्थानात धाडली होती, त्यांपैकीच हे एक. पिस्तुलावरचे नाव मात्र कारखान्याचे नव्हते. ते अमेरिकेच्या युटा प्रांतात, ऑग्डेन नावाच्या लहानशा गावी राहणाऱ्या एका कारागिराचे होते. त्याच सुमारास त्याची आणखी एक निर्मिती अमेरिकेतील शिकाऱ्यांच्या चर्चेचा विषय झाली होती. चाप ओढताच गोळी सुटावी आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत येऊन बसावे, अशी ती शिकारी रायफल होती.

वडिलांच्या दुकानातील शाळा

जॉनचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा. वडील जोनाथन ब्राउनिंग हे बंदुका बनवणारे कसबी कारागीर आणि मॉर्मन पंथाचे निष्ठावान अनुयायी होते. पंथीयांच्या पश्चिमेकडील स्थलांतराच्या काळात त्यांनी वाटेतच थांबून सहप्रवाशांसाठी बंदुका तयार केल्या आणि १८५२ मध्ये ते ऑग्डेनला पोहोचले. तीन पत्नी आणि बावीस मुले असा त्यांचा विस्तीर्ण संसार होता. जॉनचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. त्याची खरी शाळा भरली ती वडिलांच्या दुकानात. दहाव्या वर्षी त्याने दुकानातील मोडीतून स्वतःची पहिली बंदूक जुळवली, अशी हकिकत घराण्यात सांगितली जाते. दुरुस्तीला आलेली प्रत्येक बंदूक उघडायची, ती कोठे अडते ते पाहायचे आणि तो दोष मुळातच कसा टाळता येईल याचा विचार करायचा, ही सवय त्याला तेथेच लागली.

१८७९ हे वर्ष त्याच्या आयुष्यात निर्णायक ठरले. त्या वर्षी त्याचा रेचेल टेरेसा चाइल्ड हिच्याशी विवाह झाला, वडिलांचे निधन झाले आणि ७ ऑक्टोबरला एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या रायफलीसाठी त्याला पहिले पेटंट मिळाले. भावांना हाताशी धरून त्याने ऑग्डेनमध्ये छोटा कारखाना थाटला आणि ही रायफल हाताने बनवून विकण्यास आरंभ केला. हिशेब आणि व्यवहार धाकटा भाऊ मॅथ्यू पाही. जॉनचे लक्ष लेथ आणि कानस यांच्यापलीकडे क्वचितच जाई.

विंचेस्टरची एकोणीस वर्षे

त्यांपैकी एक रायफल कनेक्टिकट राज्यातील विंचेस्टर कंपनीच्या दृष्टीस पडली. कंपनीचा व्यवस्थापक टी. जी. बेनेट १८८३ मध्ये स्वतः ऑग्डेनला आला आणि आठ हजार डॉलर मोजून त्याने तिचे हक्क विकत घेतले. येथून सुरू झालेले नाते सुमारे एकोणीस वर्षे टिकले. १८८६, १८९२, १८९४ आणि १८९५ या सालांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या विंचेस्टर रायफली ब्राउनिंगच्या कल्पनेतून उतरल्या. धूररहित दारूसाठी तयार झालेली १८९४ ची रायफल तर पुढे लाखोंच्या संख्येने खपली.

व्यवहाराची रीत साधी होती. ब्राउनिंगने नमुना न्यावा, बेनेटने एकरकमी किंमत द्यावी आणि त्यानंतर बंदूक किती खपली याच्याशी निर्मात्याचा काहीही संबंध राहू नये. कंपनीने त्याच्याकडून चाळीसहून अधिक रचना विकत घेतल्या, परंतु त्यांतील निम्म्यासुद्धा बाजारात आणल्या नाहीत. उरलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू नयेत एवढ्यासाठीच घेतलेल्या होत्या. आपल्या श्रमाचे फळ कुलुपबंद कपाटात पडून राहते, ही खंत कोणत्याही कारागिराला सलणारीच.

वाकलेले गवत

१८८९ मध्ये पंथाच्या प्रचारकार्यावरून तो जॉर्जियातून परतला आणि त्याच वर्षी त्याला मोठी कल्पना सुचली. नेमबाजी चालू असताना नळीच्या तोंडातून निघणाऱ्या वायूच्या झोताने समोरचे गवत दूरवर वाकते, हे त्याच्या ध्यानी आले. प्रत्येक गोळीबरोबर एवढी शक्ती वाया जाते, तर तिलाच कामाला लावून बंदूक पुन्हा का भरू नये? या विचारातून आधी मशीनगन आणि मग स्वयंभरण पिस्तूल जन्मास आले. पिस्तुलामुळे १८९७ मध्ये बेल्जियमच्या फाब्रिक नासिओनाल म्हणजे एफएन या कंपनीशी त्याचा संबंध जुळला. लिएजजवळच्या हेर्स्ताल येथे १८८९ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी तेव्हा नव्या कामाच्या शोधात होती.

नव्या शतकाच्या आरंभी ब्राउनिंगकडे दोन क्रांतिकारक रचना तयार होत्या. एक छर्ऱ्याची स्वयंभरण बंदूक, तर दुसरी स्वयंभरण शिकारी रायफल. रायफलीचे पेटंट १६ ऑक्टोबर १९०० रोजी मंजूर झाले.

तुटलेला धागा

छर्ऱ्याची बंदूक तो नेहमीप्रमाणे बेनेटकडे घेऊन गेला, मात्र या वेळी त्याने एकरकमी किंमत नाकारली. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नगामागे रॉयल्टी हवी, ही त्याची अट होती. बेनेटपुढे दुहेरी अडचण उभी राहिली. एकदा रॉयल्टी मान्य केली की तोच पायंडा पडणार आणि नवी बंदूक यशस्वी झाली तर कंपनीच्याच जुन्या बंदुकांचा खप घटणार. त्याने चालढकल केली. ब्राउनिंगने नमुना उचलला आणि एकोणीस वर्षांचे नाते तेथेच संपले.

तेथून त्याने रेमिंग्टन कंपनीचे दार ठोठावले. ८ जानेवारी १९०२ रोजी कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांच्या भेटीसाठी तो बाहेरच्या दालनात बसला असतानाच हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाल्याची वार्ता आली. एखाद्याने हाय खाल्ली असती. ब्राउनिंगने मात्र सरळ युरोपची बोट धरली. एफएनने रॉयल्टीची अट मान्य केली आणि त्याने स्वतःच दहा हजार बंदुकांची मागणी नोंदवली. पुढे आयातकराच्या ओझ्यामुळे अमेरिकेसाठीची बंदूक तेथेच बनवणे सोयीचे ठरले आणि ते काम अखेर रेमिंग्टनकडेच आले. स्वयंभरण रायफलीचे अमेरिकेतील हक्कही रेमिंग्टनकडे गेले. १९०६ मध्ये ही रायफल बाजारात उतरली आणि १९११ पासून ‘मॉडेल ८’ या नावाने ओळखली जाऊ लागली. युरोपसाठी एफएनने तिची स्वतंत्र आवृत्ती काढली. ती मात्र पाच हजारांच्या आतच थांबली.

ग्राहकापुढील निवड

विंचेस्टर स्वस्थ बसणे शक्य नव्हते. ब्राउनिंगच्या पेटंटांना बगल देऊन स्वयंभरण बंदूक घडवण्याची जबाबदारी कंपनीचा अभियंता थॉमस क्रॉसली जॉन्सन याच्यावर आली. त्यातून १९०३, १९०५, १९०७ आणि १९१० ची मॉडेले निघाली. परिणामी, १९१० च्या सुमारास पहिलीच अर्धस्वयंचलित रायफल घेऊ पाहणाऱ्या अमेरिकी शिकाऱ्यापुढे दोन वेगळे मार्ग उभे राहिले.

जॉन्सनचा मार्ग साधेपणाचा होता. त्याच्या रायफलीत बोल्टला कुलूप नसे. बोल्ट आणि त्याला जोडलेले पुढच्या लाकडातील वजन इतके जड असे, की गोळी नळीबाहेर पडेपर्यंत ते मागे सरकत नसे. भाग कमी, रचना सोपी आणि काढता येणारे मॅगझिन, या तिच्या जमेच्या बाजू. पण काडतूस जितके जोरदार, तितके ते वजन वाढवावे लागे. त्यामुळे शक्तीला आपोआपच मर्यादा पडे.

ब्राउनिंगने अवघड वाट धरली. त्याच्या रायफलीत बोल्ट नळीला घट्ट जखडलेला असे आणि गोळी सुटताच दोन्ही मिळून बाहेरच्या आवरणात मागे सरकत. मग बोल्ट मागेच अडकून राही, नळी एकटी पुढे येई, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाई आणि शेवटी बोल्ट नवे काडतूस घेऊन पुढे येत पुन्हा जखडला जाई. या रचनेला जोरदार काडतुसे सहज पेलत. मोठ्या हरणासाठी आणि अस्वलासाठी शिकाऱ्यांना हेच हवे होते. त्याचे मोल मात्र मोजावे लागे. भाग अधिक, नळीभोवतीचे आवरण जाडजूड, पाच काडतुसांची पेटी न निघणारी आणि वजन साडेतीन किलोंहून जास्त.

या तुलनेचा निकाल काळाने दिला आणि त्यात काडतुसांचा वाटा मोठा ठरला. विंचेस्टरच्या या रायफलींची काडतुसे बहुतांशी त्यांच्यापुरतीच होती. रायफली मागे पडल्या तशी तीही दुर्मीळ झाली आणि चांगल्या स्थितीतील बंदुका निरुपयोगी ठरल्या. ब्राउनिंगच्या रायफलीसोबत आलेले .३५ रेमिंग्टन हे काडतूस इतर रायफलींनीही स्वीकारले आणि शतक उलटल्यावरही ते टिकून राहिले. पहिली रायफल निवडताना तिच्या यंत्रणेइतकाच तिच्या काडतुसाचाही विचार करावा लागतो, हा धडा त्या पिढीने पदरमोड करून घेतला.

लहान .२२ च्या बाबतीतही हेच दिसले. विंचेस्टरच्या १९०३ च्या रायफलीला खास वेगळे काडतूस लागे. काळ्या दारूच्या काजळीने यंत्रणा अडू नये म्हणून ते मुद्दाम वेगळे ठेवले होते. ब्राउनिंगची .२२ एफएनने १९१४ मध्ये बनवण्यास घेतली. ती कोठेही मिळणाऱ्या साध्या काडतुसांवर चाले. वजन सव्वादोन किलोंच्या आसपास, काडतुसांची नळी मागच्या कुंद्यात आणि रिकामी काडतुसे खालच्या बाजूने बाहेर पडत असल्याने डावखुऱ्यालाही सोयीची. कोणत्याही अवजाराशिवाय तिचे दोन भाग करून ती पिशवीत ठेवता येई. रेमिंग्टनने १९२२ पासून तीच रचना ‘मॉडेल २४’ म्हणून विकली.

युद्ध आणि उदार व्यवहार

पण १९१४ हे साल शिकारीचे नव्हते. २८ जूनला साराएव्होमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली, तीही एफएनने बनवलेल्या ब्राउनिंग पिस्तुलानेच. ऑगस्टमध्ये जर्मन फौजा लिएजमध्ये शिरल्या आणि हेर्स्तालचा कारखाना शत्रूच्या ताब्यात गेला.

अमेरिका युद्धात उतरण्याच्या उंबरठ्यावर असताना, २७ फेब्रुवारी १९१७ रोजी, ब्राउनिंगने वॉशिंग्टन येथे आपल्या मशीनगनचे आणि स्वयंचलित रायफलीचे प्रात्यक्षिक दाखवले. सरकारने हक्कांसाठी साडेसात लाख डॉलर देऊ केले. नगागणिक रॉयल्टी घेतली असती तर रक्कम कित्येक पटींनी वाढली असती. रॉयल्टीसाठी विंचेस्टरशी नाते तोडणाऱ्या ब्राउनिंगने घासाघीस न करता सरकारी रक्कम स्वीकारली. खासगी कंपनीच्या नफ्यातील वाटा ही एक गोष्ट आणि रणांगणावरील सैनिकांची गरज ही दुसरी, असा भेद त्याच्या मनात स्पष्ट असावा. त्या सैनिकांत त्याचा मुलगा व्हॅलही होता. त्याच्या स्वयंचलित रायफली बनवण्याचे काम विंचेस्टरच्या कारखान्यातही झाले. तुटलेला धागा युद्धाने असा क्षणभर जोडला.

अखेरचा दिवस

१९२३ मध्ये मॅथ्यू गेला. आयुष्यभराचा सोबती गमावल्यावरही ब्राउनिंगचे काम थांबले नाही. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी हेर्स्तालच्या कारखान्यात त्याला अस्वस्थ वाटू लागले आणि मुलाच्याच कचेरीत हृदयविकाराने त्याची प्राणज्योत मालवली. वय होते ७१ आणि नावावर पेटंटे होती १२८. अपुरी राहिलेली दुनळी बंदूक व्हॅलने पूर्ण केली. अर्धवट पिस्तुलाला एफएनच्या द्यूदोने सेव्ह याने अंतिम रूप दिले. ऑग्डेनच्या मातीत ब्राउनिंगला चिरविश्रांती मिळाली.

रेमिंग्टनची ‘मॉडेल ८’ १९३६ पर्यंत आणि तिची सुधारित आवृत्ती १९५० पर्यंत निघत राहिली. विंचेस्टरने नाकारलेली छर्ऱ्याची बंदूक तर १९९८ पर्यंत बनत होती. लहानग्या .२२ चे उत्पादन बेल्जियममधून पुढे जपानमध्ये गेले आणि अनेक घरांत मुलांच्या हाती दिली जाणारी ती पहिली रायफल ठरली. नाशिक आणि साराएव्होच्या इतिहासात ज्याचे नाव कोरले गेले, त्याच कारागिराच्या हातची ती रचना. नमुना उचलून तो बेनेटच्या दालनातून बाहेर पडला, तेव्हा मागितलेला वाटा फार मोठा नव्हता. विंचेस्टरला मात्र तो नकार त्यानंतर कितीतरी वर्षे महाग पडत राहिला.