चंद्राच्या वाटेवरचे भुयार

वेर्नर फॉन ब्राउन यांचा जन्म १९१२ चा, जर्मनीतला. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या पथकाने हिटलरसाठी व्ही-२ हे क्षेपणास्त्र घडवले. ते भुयारी कारखान्यात जोडणारे डोरा छळछावणीतील कैदी भूक, क्षय, आमांश आणि मारहाणीने हजारोंनी मेले. प्रत्यक्ष माऱ्यात गेलेल्यांपेक्षा हे बळी अधिक. फॉन ब्राउन यांचे तिथे जाणे-येणे होते. कैद्यांचे हाल त्यांनी पाहिले होते. १९४५ मध्ये ते अमेरिकी सैन्याला शरण गेले. पुढे १९५८ मध्ये त्यांच्या रॉकेटने अमेरिकेचा पहिला उपग्रह अवकाशात नेला, तर १९६९ मध्ये सॅटर्न-५ ने माणसाला चंद्राकडे धाडले. १९७७ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. चंद्राचे श्रेय त्यांना देताना डोरातले मृत्यूही त्याच हिशेबात धरायला हवेत.