डॉ. आर्चिबाल्ड गॅरॉड

मुलांनो, बाळाचा ओला लंगोट थोड्या वेळाने काळा पडला, तर घरातले सगळे घाबरतील ना? लंडनचे डॉ. गॅरॉड मात्र विचार करू लागले.

त्यांचा जन्म १८५७ साली झाला. या रोगाला अल्काप्टोन्युरिया म्हणतात. तो आतड्यातील जंतूंमुळे होतो, असे तेव्हा मानत. एका घरात हा रोग असलेली मुले होती. १९०१ मध्ये तेथे आणखी एक बाळ जन्मले. गॅरॉड यांनी जन्मापासून त्याच्या लंगोटांवर लक्ष ठेवायला सांगितले. तीन दिवसांतच काळा डाग दिसला! म्हणजे रोग जन्मापासूनच होता. बाळाचे आईवडील नात्याने जवळचे, सख्ख्या भावंडांची मुले होती. (अशा लग्नांतली बहुतेक मुले निरोगीच असतात, हेही लक्षात ठेवा.)

अन्नातून मिळणारे टायरोसिन शरीर पायरीपायरीने मोडते. एक पायरी अडली, की मधला पदार्थ लघवीत उतरतो आणि हवा लागून काळा होतो. हा दोष वारशाने येतो, असे गॅरॉड यांनी १९०२ मध्ये मांडले. फार थोड्यांनी ते मनावर घेतले.

पहिल्या महायुद्धात त्यांचे दोन मुलगे गेले. तिसरा १९१९ मध्ये तापाच्या साथीत गेला. १९३६ मध्ये गॅरॉड वारले. पुढे १९५८ मध्ये एका रुग्णाचे यकृत तपासले, तेव्हा त्या पायरीचे विकर त्यात सापडलेच नाही.