पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवणारे डॉ. पिनार

सोनोग्राफी नव्हती, डॉप्लर नव्हतं, तेव्हा पोटातलं बाळ सुखरूप आहे की नाही हे कळायचं कसं? पॅरिसमध्ये लेनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला. पुढे १८२१ मध्ये केरगाराडेक यांनी गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकल्याचं तिथल्या वैद्यक अकादमीला सांगितलं. पण हे ऐकणं सुईणींच्या रोजच्या कामात रुजवण्यात मोठा वाटा अडॉल्फ पिनार यांचा.

पिनार यांचा जन्म १८४४ चा, फ्रान्समधल्या मेरी-स्युर-सेन गावचा. पॅरिसला ते प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. आधी हातानं पोट चाचपून बाळाचं डोकं कुठं, पाठ कुठं हे ओळखायचं, ही पद्धत त्यांनी नीट बसवली. कारण ठोके सर्वांत स्पष्ट ऐकू येतात ते बाळाच्या पाठीच्या बाजूनं. मग १८९५ च्या सुमारास त्यांचा तो कर्णा आला. रुंद तोंड पोटावर, चपटी बाजू कानाला, बस्स! वीज नको, की बॅटरी नको. मिनिटाला ११० ते १६० ठोके असले तर ठीक. कळा येताना ते मंदावले आणि लवकर सावरले नाहीत, तर बाळाला प्राणवायू कमी पडत असण्याची शक्यता.

पिनार नुसते ठोके ऐकून थांबले नाहीत. शेवटच्या दिवसापर्यंत राबणाऱ्या गरीब बायका आणि बाळंतपणाआधी विश्रांती मिळालेल्या बायका, यांच्या बाळांची वजनं त्यांनी ताडून पाहिली. विश्रांतीवाल्यांची बाळं अडीचशे ग्रॅमहून अधिक भरली. पोटासाठी राबणाऱ्या बाईला सुट्टी द्या, हा आग्रह त्यांनी कायम धरला. फ्रान्समध्ये १९०९ मध्ये बाळंतपणात नोकरी शाबूत ठेवणारा आणि १९१३ मध्ये सुट्टीत भत्ता देणारा कायदा झाला. उतारवयात ते खासदारही झाले.

त्यांची एक बाजू मात्र खटकते. कोणी मुलं जन्माला घालावीत हे ठरवू पाहणाऱ्या सुप्रजननाच्या चळवळीतही ते पुढे होते. तेही विसरून चालणार नाही.

१९३४ मध्ये ते गेले. कर्णा मात्र राहिला. आपल्याकडंही कित्येक उपकेंद्रांत नर्सबाईंच्या पेटीत तो सापडतो. लाईट गेली तरी बाळाची खबर देतो.