अबू रैहान अल्बेरूनी : किब्ल्याची दिशा आणि पृथ्वीचे माप

नागपूर आणि मक्का मुकर्रमा ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर वसलेली आहेत. भिंतीवरचा नकाशा पाहिला की वाटते, नागपूरच्या नमाजीने सरळ पश्चिमेकडे तोंड केले की झाले. प्रत्यक्षात तेथील किब्ला पश्चिमेपासून सुमारे 8 अंश उत्तरेकडे झुकलेला आहे, आणि मुंबईचा सुमारे 10 अंश. पृथ्वी गोल आहे, नकाशाचा कागद सपाट आहे. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग कागदावरच्या सरळ रेषेशी जुळत नाही. जे मक्केपासून दूर राहतात त्यांच्यासाठी दिशा सांभाळणे पुरेसे आहे, असे बहुसंख्य फुकहांचे मत आहे. म्हणून कोणीही आपल्या नमाजेविषयी मनात शंका आणू नये. तथापि जेथवर मनुष्याची बुद्धी पोहोचते तेथवर ही दिशा नेमकी शोधावी, या ध्यासाने एका आलिमाने अवघ्या पृथ्वीचे माप घेतले. त्या अबू रैहान मुहम्मद बिन अहमद अल्बेरूनी यांचे हे चरित्र.

त्यांचा जन्म 3 जिल्हिज्ज हिजरी 362 रोजी, म्हणजे 4 सप्टेंबर 973 रोजी, ख्वारिज्मची राजधानी काथ येथे झाला. हा प्रदेश आज उझबेकिस्तानात मोडतो. राजघराण्यातील गणितज्ञ अबू नस्र मन्सूर यांनी त्यांना शिकविले. विशी गाठण्यापूर्वीच त्यांनी सूर्याची उंची मोजून आपल्या गावाचा अक्षांश काढला होता. पुढे सूर्याचे वेध घेण्यासाठी त्यांनी 15 हात व्यासाचे मोठे वर्तुळ तयार केले, पण इ. स. 995 मध्ये राज्यात यादवी माजली, जुने राजघराणे बुडाले आणि या तरुणाला सारे काम टाकून परागंदा व्हावे लागले. त्यांच्या आयुष्यात हे असे पुन्हा पुन्हा घडत राहिले. राजे बदलत, आश्रय सुटे, उपकरणे मागे राहत. वेध घेण्याचे काम मात्र त्यांनी सोडले नाही.

इ. स. 997 च्या चंद्रग्रहणाच्या वेळी ते काथमध्ये होते. बगदादमध्ये अबुल वफा हे थोर गणितज्ञ होते. दोघांनी आधीच पत्राने ठरविले होते की, एकच ग्रहण दोघांनी आपापल्या शहरातून पाहावे आणि स्थानिक वेळ नोंदवावी. चंद्राला ग्रहण लागते ते सर्वांना एकाच क्षणी दिसते. शहरांची घड्याळे तेवढी निरनिराळी असतात. दोन ठिकाणच्या वेळांत सुमारे एका तासाचा फरक निघाला आणि त्यावरून दोन्ही शहरांच्या रेखांशांतील अंतर कळले. शेकडो कोस दूर असलेल्या दोन मुसलमान विद्वानांनी केवळ एकमेकांच्या शब्दावर विसंबून हे काम केले. एकाने जरी आळसाने वेळ अंदाजे लिहिली असती, तरी दोघांचेही श्रम वाया गेले असते.

काही वर्षे जुर्जानच्या राजाश्रयात काढून ते मायदेशी परतले. इ. स. 1017 मध्ये सुलतान महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकले आणि इतर विद्वानांबरोबर अल्बेरूनींनाही गझनीला नेले. ते तेथे सन्मानित पाहुणे होते की नजरकैदेत, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पुढच्या वर्षीच्या एका प्रसंगावरून त्यांच्या अवस्थेची कल्पना येते. काबूलजवळच्या जैफूर नावाच्या खेड्यात ते होते, मन खचलेले होते आणि हाताशी एकही उपकरण नव्हते. तेव्हा त्यांनी हिशेबाच्या पाटीच्या पाठीमागे अंशांच्या खुणा केलेला वर्तुळखंड आखला, त्याला ओळंबा लावला आणि त्यावर सूर्याची उंची मोजून त्या खेड्याचा अक्षांश काढला. त्या दिवसाची नोंद करताना त्यांनी हजरत नूह आणि हजरत लूत अलैहिमुस्सलाम यांच्या संकटांची आठवण काढली आहे व अल्लाहच्या कृपेची आशा धरली आहे.

गझनीत त्यांनी जो ग्रंथ सिद्ध केला त्याचे नाव तहदीद निहायातिल अमाकिन. शहरांची स्थाने निश्चित करणे हा त्याचा विषय असून तो हिजरी 416 मध्ये, म्हणजे इ. स. 1025 मध्ये, पूर्ण झाला. गझनीचा किब्ला नेमका ठरविणे हा त्यामागचा एक प्रमुख हेतू होता. त्यासाठी गझनी आणि मक्का या दोन्ही शहरांचे अक्षांश हवेत आणि त्यांच्या रेखांशांतील अंतर हवे. अक्षांश सूर्य व ताऱ्यांवरून मिळतो. रेखांश मिळविणे मात्र फार कठीण. ग्रहणे रोज लागत नाहीत आणि दर शहरी अबुल वफा भेटत नाहीत. म्हणून त्यांनी बगदादपासून गझनीपर्यंत शहरामागून शहर अशी साखळी जोडली. काफिल्यांच्या तोंडून मिळालेली अंतरे जमविली आणि वाटा वळणावळणाच्या असतात म्हणून त्यांतून साधारण सहावा हिस्सा वजा केला. मग गोलाच्या त्रिकोणमितीने हिशेब मांडला. वेगवेगळ्या मार्गांनी गणित करून त्यांनी उत्तरे ताडून पाहिली. बगदाद आणि गझनी यांच्यातील रेखांशाचा जो फरक त्यांनी ठरविला तो 24 अंशांहून थोडा अधिक होता. आजच्या मोजणीने तो अगदी 24 अंशांच्या आसपास आहे. उंटांच्या चालीवरून काढलेले हे उत्तर आहे, हे ध्यानात घ्यावे.

पण कोसांचे अंशांत रूपांतर करायचे तर एका अंशात किती मैल मावतात हे ठाऊक हवे, आणि त्यासाठी पृथ्वीचा आकार ठाऊक हवा. दोनशे वर्षांपूर्वी खलीफा मामूनच्या आज्ञेवरून ज्योतिर्विदांनी सिंजारच्या वाळवंटात प्रत्यक्ष चालत जाऊन हे माप घेतले होते. अंशाला 56 मैल आणि वर दोन तृतीयांश, असे त्यांचे उत्तर होते. अल्बेरूनींनी जुर्जानच्या बाजूच्या मैदानात तसाच प्रयत्न करून पाहिला. परंतु मदत मिळाली नाही आणि काम अर्धवट राहिले.

पुढे झेलमच्या परिसरातील नंदना किल्ल्यावर असताना त्यांना समोर सपाट मैदान आणि त्यालगत उंच डोंगर दिसला. आज हे स्थळ पाकिस्तानच्या पंजाबात आहे. तेथे त्यांनी वाळवंट न तुडविता पृथ्वी मोजण्याची युक्ती वापरली. आधी मैदानातून दोन ठिकाणांवरून कोन घेऊन डोंगराची उंची काढली. ती 652 हातांहून किंचित अधिक भरली. मग माथ्यावर चढून क्षितिज पाहिले. उंचावरून पाहिले की क्षितिज डोळ्यांच्या पातळीच्या थोडे खाली दिसते. ते किती खाली आहे हे त्यांनी मोजले. ते झुकणे 34 कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून जरासे जास्त निघाले. उंची आणि हा कोन, एवढ्यावरून त्यांनी काढलेली पृथ्वीची त्रिज्या 1 कोटी 28 लाख हातांच्या थोडी वर आली आणि त्यांच्या हिशेबाने अंशाला सुमारे 56 मैल पडले.

आजकाल मोबाइलवर असे संदेश फिरतात की, अल्बेरूनींचे उत्तर आजच्या मोजणीशी शेकडा नव्याण्णव पूर्णांक अमुक इतके जुळते. आपण ते अभिमानाने पुढे पाठवितो. वास्तविक त्यांच्या हाताची लांबी किती होती हेच आज नक्की सांगता येत नाही. शिवाय हवेमुळे प्रकाश वाकतो आणि क्षितिज खऱ्यापेक्षा वर दिसते. अशा स्थितीत दशांश चिन्हापुढचे आकडे मिरविणे म्हणजे त्यांच्या नावावर त्यांनी न केलेला दावा लादणे होय. त्यांनी स्वतः काय केले ते पाहा. आपले उत्तर मामूनच्या मंडळींच्या उत्तराजवळ आले, एवढेच त्यांनी नोंदविले आणि पुढे स्पष्ट केले की, त्या लोकांची उपकरणे अधिक नाजूक होती व त्यांनी कष्टही अधिक घेतले होते, म्हणून विश्वास त्यांच्याच आकड्यावर ठेवावा. आयुष्यभराच्या हुलकावण्यांनंतर हाती आलेले माप त्यांनी असे दुसऱ्यांच्या मापाच्या मागे उभे केले.

याचा अर्थ ते कोणालाही शरण जात असा नव्हे. नमाजेच्या वेळा दाखविणाऱ्या एका यंत्रावर रूमी महिन्यांची नावे कोरलेली होती, म्हणून एका धर्मनिष्ठ म्हणविणाऱ्या गृहस्थाने ते मशिदीत घेण्यास नकार दिला. तेव्हा अल्बेरूनींनी त्याला सुनावले की, रूमी लोक जेवतात आणि चालतातही, तर त्या गोष्टींतही त्यांचे अनुकरण सोडून द्यावे.

हिंदविषयीच्या त्यांच्या ग्रंथात मऱ्हाटदेश, कोकण आणि तेथील समुद्रकाठचे ठाणे यांची अंतरे फरसखांत दिली आहेत. सुलतान मसूदला अर्पण केलेला अल्कानून अल्मसऊदी हा त्यांचा खगोलावरचा सर्वांत मोठा ग्रंथ. त्याबद्दल सुलतानाने हत्तीभर चांदीची नाणी पाठविली आणि त्यांनी ती परत केली, असे सांगतात.

इ. स. 1048 च्या सुमारास गझनीत ते अखेरच्या आजारात होते. चरित्रकार याकूत यांनी नोंदविले आहे की, एक फकीह भेटीला आले तेव्हा श्वास घशात अडकत असतानाही अल्बेरूनींनी त्यांना आजीच्या वारसाहक्काच्या वाट्यासंबंधीचा एक जुना मसला विचारला. अशा अवस्थेत कशाला, असे पाहुण्यांनी कळवळून म्हटले. तो मसला न जाणता जग सोडण्यापेक्षा जाणून सोडणे बरे, असे त्यांचे उत्तर होते. फकीहांनी मसला समजावून सांगितला, अल्बेरूनींनी तो पुन्हा म्हणून दाखविला. पाहुणे निरोप घेऊन निघाले आणि ते रस्त्यातच असताना मागे घरातून रडण्याचा आवाज त्यांच्या कानी आला.